हरणाऱ्याचा शब्द

गेल्या मे महिन्यात बहिणीकडे फोंड्याला गेलो होतो. जेवणं आटोपून बाल्कांवात वारा खात बसलो होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून की-बोर्ड आपटल्याचा आवाज आला. बहीण म्हणाली, "बघ रे जरा, तुझंच ऐकतो तो." आत गेलो तर भाचा लालबुंद होऊन बसलेला. समोर व्हॅलोरंट नावाचा गेम. पाच जणांविरुद्ध पाच जण, आधी तेरा फेऱ्या जिंकेल तो संघ विजयी. आमचे चिरंजीव तेरा-दोनने हरले होते.

पण राग हरण्याचा नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात समोरच्या संघातल्या कुणीतरी दोन शब्द टाकले होते : 'जीजी इझी.'

ज्यांना ही भाषा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'जीजी' म्हणजे 'गुड गेम', खेळ छान झाला. 'इझी' म्हणजे सोपं होतं. दोन्ही मिळून अर्थ असा की तुम्हाला हरवायला आम्हाला काही कष्टच पडले नाहीत. शिवी नाही, जात-धर्म नाही, आई-बहीण नाही. तरी पोराच्या डोळ्यांत पाणी. मला म्हणतो, "मामा, तांकां कितें सांगूं?"

मला चटकन काही सुचलं नाही. पण घरी परत येताना डोक्यात तेच चाललं होतं. कारण या दोन शब्दांतला पहिला शब्द एके काळी खेळाडूंच्या सभ्यतेची खूण होता. त्याचं असं का झालं, याची एक गोष्ट आहे, आणि ती सांगण्यासारखी आहे.

सुरुवात करू या १९९३ पासून. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये इड सॉफ्टवेअर नावाच्या छोट्या कंपनीने त्या वर्षी डिसेंबरात 'डूम' हा गेम काढला. अंधाऱ्या बोळांतून बंदूक घेऊन फिरायचं आणि राक्षस मारायचे. पण त्यात आणखी एक सोय होती. दोन ते चार संगणक तारांनी जोडून माणसांनी माणसांशी लढायचं. कंपनीतल्या जॉन रोमेरोने या प्रकाराला नाव दिलं 'डेथमॅच'. हा रोमेरो स्वतः खेळताना प्रचंड आरडाओरडा करायचा, समोरच्याला डिवचायचा, आणि ते सगळं त्या ऑफिसात खेळाचाच भाग मानलं जायचं.

आता गंमत बघा. डूममध्ये खेळता खेळता समोरच्याला संदेश पाठवता यायचा. टाइप करायला वेळ जातो म्हणून दहा तयार वाक्यं आधीच भरून ठेवली होती. एक कळ दाबली की वाक्य गेलं. त्यांत 'मदत करा', 'मी ठीक आहे', 'हो', 'नाही' अशी कामाची वाक्यं होतीच. पण त्याच दहांत एक समोरच्याला टाकाऊ ठरवणारं होतं, आणि एक 'पुढच्या वेळी बघून घेतो, नालायका' अशा अर्थाचं. म्हणजे डिवचणं हे खेळाडूंनी मागाहून आत आणलेलं पाप नव्हे. ते डब्यातच भरून आलं होतं!

पुढे १९९६ साली 'क्वेक' आला आणि इंटरनेटवरून अनोळखी माणसांशी लढता येऊ लागलं. १९९७ साली क्वेकची एक मोठी स्पर्धा झाली. इडच्या जॉन कारमॅकने बक्षीस म्हणून आपली स्वतःची लाल फेरारी ठेवली होती. ती जिंकली 'थ्रेश' या टोपणनावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने. अंतिम सामन्यातला स्कोअर होता चौदा विरुद्ध उणे एक. उणे एक, कारण प्रतिस्पर्ध्याने एकदा स्वतःलाच उडवून घेतलं होतं. अशा वेळी 'इझी' म्हणायची गरजच काय? आकडा पुरेसा बोलका आहे.

त्याच वर्षी रोमेरोने आपल्या नव्या कंपनीच्या 'दाइकाताना' या गेमची जाहिरात दिली. लाल पानावर काळी अक्षरं, आणि मजकूर असा की रोमेरो तुम्हाला आपली रखेल करणार आहे. (मूळ इंग्रजी शब्द याहून घाण आहे.) हा टोमणा कुणा प्रतिस्पर्ध्याला नव्हता, गिऱ्हाइकालाच होता. गेम रखडत रखडत २००० साली बाजारात आला आणि सपशेल आपटला. लोक गेम विसरले, जाहिरात मात्र विसरले नाहीत. २०१० साली रोमेरोने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. डिवचण्याच्या इतिहासात एवढं लख्ख उदाहरण मला दुसरं माहीत नाही. मैदानात कमावलेली मस्ती मैदानाबाहेर नेली की ती कशी अंगाशी येते, ते यात दिसतं.

पण बाकीच्या कंपन्यांनी यातून काही धडा घेतला असं नाही. १९९९ च्या 'क्वेक थ्री अरीना'मध्ये समोरच्याला जवळ जाऊन हातातल्या चक्राने मारलं की निवेदकाचा जाडाभरडा आवाज घुमायचा : 'ह्युमिलिएशन!' मानहानी! म्हणजे मानहानी हा गुणांइतकाच नोंदवण्याचा प्रकार झाला. मेलेल्या खेळाडूच्या अंगावर उठाबशा काढायची घाणेरडी सवयही त्याच सुमारास पसरली. त्याला ना अक्षर लागायचं, ना कळ. वाकण्याची कळ दाबत राहिलं की झालं.

आता आपण जाऊ कोरियात, कारण गोष्टीची दुसरी बाजू तिथे आहे.

१९९७ साली दक्षिण कोरियावर मोठं आर्थिक संकट कोसळलं. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि काहींनी असलेल्या पैशांतून संगणकांची दुकानं टाकली. तासावर पैसे देऊन खेळायचं. त्यांना तिथे 'पीसी-बांग' म्हणतात. नेमका १९९८ साली 'स्टारक्राफ्ट' आला आणि ही दुकानं भरून गेली. २००० साली गेम्ससाठी वाहिलेली दूरचित्रवाणी वाहिनी आली, खेळाडूंची संघटना आली. २००४ साली बुसानच्या समुद्रकिनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला लाखभर लोक जमल्याचं सांगितलं गेलं.

स्टारक्राफ्टमध्ये शेवटची इमारत पडेपर्यंत खेळ संपत नाही. पण जाणकार खेळाडूला आपण हरलो हे कितीतरी आधी कळतं. बुद्धिबळात जसा राजा मात होईपर्यंत कुणी थांबत नाही, हात पुढे करून डाव सोडतो, तसंच. इथे हात पुढे करायला समोर माणूस नसतो. म्हणून हरणारा 'जीजी' ही दोन अक्षरं टाइप करायचा आणि खेळातून बाहेर पडायचा. 'जीजी' हा शब्द कोरियात जन्मला नाही, पण त्याला रिवाजाचं रूप आलं ते तिथे. निवेदक त्या क्षणाची वाट बघत असायचे. अक्षरं उमटली की ओरडायचे, "जीजी!" आणि प्रेक्षक उठून उभे राहायचे.

या रिवाजात एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळं त्यातच आहे. शब्द आधी हरणाऱ्याने म्हणायचा. जिंकणारा त्यानंतर. जिंकणाऱ्याने आधी म्हटला तर तोच शब्द अपमान होतो. 'तू हरलास, हे तुला कळत कसं नाही?' असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे शब्द तोच, अक्षरं तीच. फक्त कुणी आणि केव्हा, एवढाच फरक. हरणाऱ्याला तो शब्द म्हणताना काहीतरी गिळावं लागतं. म्हणून त्याला किंमत. जिंकणाऱ्याला तो फुकट पडतो.

कोरियातली दोन माणसं या संदर्भात आठवतात. लिम यो-ह्वान (टोपणनाव 'बॉक्सर') आणि हाँग जिन-हो ('येलो'). दोघांचं वैर जगप्रसिद्ध. २००४ च्या एका उपांत्य सामन्याकडे सगळा देश डोळे लावून बसला होता. लिमने तिन्ही डावांत सुरुवातीलाच शत्रूच्या दारात बंकर बांधून हल्ला चढवण्याची एकच युक्ती केली आणि तिन्ही डाव जिंकले. बघता बघता सामना संपला. लोक चिडले, ही कसली लढत म्हणाले. पण लिमला शिक्षा झाली नाही, कारण तो जिंकण्यासाठी खेळला होता. युक्ती स्वस्तातली असेल, पण ती समोरच्याला कस्पट समजणारी नव्हती.

आणि हाँग? त्याला मोठ्या लीगचं विजेतेपद कधीच मिळालं नाही. तो कायम दुसरा. लोकांनी त्याच्यावर 'दोन' या आकड्याचे इतके विनोद केले की ते त्याचं दुसरं नावच झालं. हजारो अनोळखी लोक वर्षानुवर्षं एका माणसाच्या पराभवाची थट्टा करतायत, याचा विचार करून बघा. त्याने ती थट्टा स्वतःच उचलली, तिच्यात सामील झाला, आणि २०१३ साली 'द जीनियस' या बुद्धीच्या खेळांच्या टीव्ही-स्पर्धेत पहिला आला. कायम दुसरा असणाऱ्याने आयुष्यात घेतलेला हा बदला मला फार आवडतो. कुणालाही न दुखावता घेतलेला.

याच्या उलट उदाहरण २०११ चं. सोलमधल्या एका स्पर्धेत 'नानिवा' हा स्वीडिश खेळाडू आणि 'नेस्टी' हा कोरियन विजेता समोरासमोर होते. दोघेही आधीचे तिन्ही सामने हरलेले, त्यामुळे निकालाने काहीच बदलणार नव्हतं. नानिवाने सुरुवातीचे सगळे कामगार एकदम शत्रूवर पाठवून दिले, म्हणजे जाणूनबुजून हरला. एक शब्द बोलला नाही, शिवी दिली नाही. तरी संयोजकांनी पुढच्या हंगामातली त्याला मिळणार असलेली थेट जागा काढून घेतली. पाश्चात्य चाहते भडकले. हरायचंच होतं तर कसं हरावं हे सांगणारे तुम्ही कोण, म्हणाले. कोरियन बाजूचं म्हणणं असं की समोर माणूस बसलाय, प्रेक्षक बसलेत, त्यांचा हा अपमान आहे. मला दोन्ही बाजू पटतात. पण एक गोष्ट यातून पक्की होते : अपमान करायला शब्द लागतच नाहीत.

त्याच वर्षीची आणखी एक मजा. अमेरिकेत कोलंबसच्या स्पर्धेत 'इड्रा' हा ग्रेग फील्ड्स, 'हक'विरुद्ध खेळत होता. इड्रा रागासाठी प्रसिद्ध, जीजी न म्हणता निघून जाण्यासाठीही. हकने खोटं, मायावी सैन्य उभं करून पुढे पाठवलं. इड्राला ते खरं वाटलं, संताप अनावर झाला आणि तो डाव सोडून गेला. डाव खरं तर त्याच्या हातात होता! दोन क्षण थांबला असता तर माया विरून गेली असती. खिलाडूवृत्ती हा चांगुलपणाचा प्रश्न आहे असं आपण समजतो. कधी कधी तो निव्वळ हिशेबाचाही असतो.

असो. २०१० नंतर खेळणाऱ्यांची संख्या कोटींत गेली. रोज नवे अनोळखी लोक, पुन्हा गाठ पडण्याची शक्यता जवळजवळ शून्य. 'जीजी'ला 'इझी' चिकटलं ते याच गर्दीत. आता ज्या धंद्याने डूमच्या डब्यात टोमणे भरून विकले होते, त्याच धंद्यावर ते पुसत बसायची वेळ आली.

२०१६ च्या 'ओव्हरवॉच'मध्ये कुणी 'जीजी इझी' लिहिलं की गेम ते परस्पर बदलायचा. त्याजागी 'माझी झोपायची वेळ झाली, आईला सांगू नका' अशा धाटणीचं काहीतरी त्याच्याच नावाने उमटायचं. लोक हसले, आणि मग ती गमतीची वाक्यं बघण्यासाठी मुद्दाम 'जीजी इझी' लिहू लागले!

'हार्थस्टोन' या पत्त्यांच्या खेळात तर त्याआधी, २०१४ मध्येच, बोलणंच काढून टाकलं होतं. अनोळखी खेळाडूशी फक्त सहा तयार वाक्यांत बोलायचं : नमस्कार, धन्यवाद, छान खेळलात, माफ करा, अरेरे, आणि एक धमकी. बनवणाऱ्यांना वाटलं असेल, आता भांडणार कसे? खेळाडूंनी काय केलं, तर समोरच्याला चिरडताना 'माफ करा, माफ करा' दाबत सुटले. शेवटी २०१५ साली 'माफ करा' हे वाक्यच काढावं लागलं. धमकी राहिली, माफी गेली! जगात असं दुसरं कुठे झालं असेल?

'लीग ऑफ लेजंड्स'वाल्यांनी वेगळा प्रयोग केला. प्रतिस्पर्ध्याशी बोलण्याची सोय काढली नाही, फक्त ती सुरुवातीला बंद ठेवली. हवी असेल त्याने आपण होऊन चालू करावी. लोकांनी ती चालू केली, बोलणंही पूर्वीइतकंच राहिलं. पण कंपनीच्या संशोधकांनी सांगितलं की वाईट बोलणं जवळपास एक तृतीयांशाने कमी झालं आणि चांगलं बोलणं तेवढंच वाढलं. फक्त एक कळ मध्ये आली, बस्स. २०२१ मध्ये त्यांनी प्रयोग म्हणून ही सोयच बंद करून पाहिली. याच संशोधनातलं दुसरं निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घाण बोलणारे बहुतेक लोक हे काही कायमचे दुष्ट नसतात. सर्वसाधारण खेळाडूच असतात, वाईट दिवशी.

हे वाचलं आणि मला स्वतःचीच गोष्ट आठवली.

२००३ चा पावसाळा. म्हापशातल्या एका सायबर कॅफेत आम्ही मित्र काउंटर-स्ट्राइक खेळायचो. दहा-बारा संगणक, मध्ये प्लायवूडच्या फळ्या, प्रत्येकाचं टोपणनाव. एका दुपारी एक जण माझ्या हातून सतत मरत होता. मी दर वेळी काहीतरी लिहायचो. काय लिहिलं ते इथे सांगण्यासारखं नाही. मित्र हसत होते, त्यामुळे चेव चढत होता. मला वाटलं असावा मागच्या रांगेतला कुणीतरी कॉलेजचा. तास संपला, तेव्हा माझ्याच शेजारच्या फळीपलीकडून एक मुलगा उठला. तेरा-चौदा वर्षांचा, शाळेचा गणवेश, भिजलेली चप्पल. काउंटरवर पैसे दिले, आणि दाराकडे जाताना माझ्याजवळ थांबून म्हणाला, "तूं बरो खेळटा."

एवढंच. टोमणा नव्हता तो, खरंच म्हणत होता. मी काहीच बोलू शकलो नाही. तो पुन्हा त्या कॅफेत दिसला नाही. एवढा पाऊस चालू होता की आला नसेल, अशी मी मनाची समजूत घातली होती.

डिवचणं आपल्याला नवीन आहे असं नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात एक पक्ष शक्तीला थोर मानणारा, दुसरा शिवाला. कवनातून कोडं घालायचं, समोरच्याने ते कवनातूनच सोडवायचं, आणि टोमण्यांची तर लयलूट. पण तिथे टोमणा मारणारा दिव्याच्या उजेडात उभा असायचा, आणि उलटून येणारं उत्तर सगळ्यांदेखत ऐकून घेणं त्याला भाग असायचं. २००७ च्या 'टीम फोर्ट्रेस टू' या गेममध्ये मला त्याची थोडी सावली दिसते. त्यात डिवचण्याचे हावभाव मुद्दाम दिलेत, पण हावभाव चालू असेपर्यंत तुम्हाला हलता येत नाही, गोळी झाडता येत नाही. तेवढ्यात कुणी येऊन टिपलं तर टिपलं. डिवचायचंय? डिवच. पण जोखीम पत्कर. फळीच्या आड बसून मी जे लिहिलं, त्यात माझी काहीच जोखीम नव्हती. 'इझी' लिहिणाऱ्याचीही नसते.

२०१९ साली आपल्याकडे पबजीवरून रान उठलं, गोव्याच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्र्यांनीही त्याला घराघरातला राक्षस म्हटलं. २०२० मध्ये केंद्राने त्यावर बंदी घातली, २०२१ मध्ये तोच खेळ नवं नाव घेऊन परत आला. त्या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती अभ्यासाची, डोळ्यांची, व्यसनाची. पोरं तिथे कोणती भाषा ऐकतात, हरल्यावर आणि जिंकल्यावर काय बोलायला शिकतात, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही. मैदानावर फुटबॉल खेळताना हे शिकवायला कुणीतरी दादा असतो, सामना संपल्यावर हात मिळवायला लावतो. त्या खोलीत पोर एकटंच असतं.

पुढच्या रविवारी पुन्हा फोंड्याला गेलो आणि भाच्याला ही सगळी गोष्ट सांगितली. कोरियाची, फेरारीची, खोट्या सैन्याची. म्हापशाचीसुद्धा. ती ऐकताना त्याने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, पण बोलला काही नाही. मग खेळायला बसला. मी मागे खुर्ची घेऊन बसलो. त्या दिवशी त्याचा संघ जिंकला, तेरा-सहा. त्याची बोटं की-बोर्डवर गेली आणि तिथेच थांबली.

"मामा, जिंकल्यावर काय लिहायचं?"

"आधी त्यांना लिहू दे," मी म्हटलं.

आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. काही सेकंद गेले. कुणीच काही लिहिलं नाही, आणि पडदा बदलला. त्यानेही काही लिहिलं नाही. पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि पुढचा गेम सुरू केला.